लोखंडी मेंढ्यांचा नवस

माणसाने नवस बोलावा तो आपल्या ऐपतीचा. कुणी म्हणतं, माते, पोराला बरं कर, तुझ्या दारापर्यंत गुडघ्यांवर येईन. गुडघे प्रत्येकाकडे असतात. कुणी बायका केस वाहतात. केस असतात म्हणूनच वाहतात. एवोदिओ बोहोर्केस मात्र नवस बोलला तो नेमका अशा वस्तूचा, जी त्याच्याकडे नव्हती, कधी नव्हती, आणि त्याला ओळखणाऱ्या साऱ्या गावाच्या मते पुढेही असणार नव्हती.

"नशीब समजा, तेव्हा मी तेवढ्यावरच थांबलो," तो स्वतःच लोकांना सांगायचा. "त्या घाबरगुंडीत बिशप होऊन दाखवीन असंही बोलून गेलो असतो."

मेक्सिकोतल्या सोनोरा प्रांतातल्या त्या कोरड्या गावात बस थांब्यामागे एवोदिओचं दुकान होतं. ट्रकच्या आणि मोटारींच्या फाटक्या गाद्या तो नव्याने शिवून द्यायचा. काम चोख. गावातल्या निम्म्या लोकांची बुडं त्याच्या टाक्यांवर विसावलेली असत. पण रविवारी, पहाटेची प्रार्थना आटोपली की शिलाईचा दाभण बाजूला पडायचा आणि एवोदिओ खांद्याला रायफल लावून गावाबाहेरच्या उतारावर जायचा. तिथे तो वेगळाच माणूस व्हायचा. म्हणजे, कामात चोख नसलेला.

त्या उतारावर लोखंडी जनावरं उभी असायची. जाड पत्र्यातून कापलेली, काळा रंग दिलेली, पायांखालच्या पट्टीवर नुसती टेकवलेली. दोनशे मीटरवर कोंबड्या, तीनशेवर रानडुकरं, त्यापलीकडे टर्की, आणि पार पाचशे मीटरवर, टेकडीच्या पायथ्याशी, मेंढे. लांबून कोंबडी जेवढी दिसते तेवढाच तो मेंढाही दिसतो. नेम धरायचा तो उभ्याने. टेकायचं नाही, बसायचं नाही, बंदुकीचा पट्टा हाताला गुंडाळायचा नाही, भरलेले जाड कोट घालायचे नाहीत. चर्चला ज्या कपड्यांत गेलात त्याच कपड्यांत उभं राहायचं. समोर एका जातीची पाच जनावरं, त्यांच्यासाठी पाच गोळ्या आणि अडीच मिनिटं. डावीकडून सुरुवात करून ओळीने एकेक पाडत उजवीकडे जायचं. आणि नुसती गोळी लागून भागत नाही. जनावर पडलं पाहिजे. गोळी लागली, मेंढा हलला, विचारात पडला आणि तसाच उभा राहिला, तर काही मिळत नाही.

जुनी माणसं सांगत, आजोबांच्या काळी तिथे खरी जनावरं बांधून ठेवत आणि ज्याच्या गोळीने पहिलं रक्त निघेल त्याच्या चुलीवर ते शिजे. मग कुणाला दया आली, की मटण महागलं, देव जाणे, पण लोखंड आलं. मटण मात्र राहिलंच. नेमबाजी संपली की निखाऱ्यावर मांसाच्या लांब पट्ट्या पडत, बायका कागदासारख्या पातळ मोठ्या पोळ्या फिरवत, आणि ज्याची जेवढी जनावरं उभी राहिली असतील त्याची तेवढी थट्टा होई.

एवोदिओची सर्वांत जास्त होई. ती करायला तोच पहिला पुढे असायचा.

"लढाई लागली तर सांगून ठेवतो," तो म्हणायचा, "मी ज्या मेंढ्यावर नेम धरलाय त्याच्या मागे जाऊन उभे राहा. सोनोरात त्याहून सुरक्षित जागा नाही."

कोंबड्या त्याच्याने पडत. एखादं डुक्कर पडे. मेंढा म्हणाल तर एवढ्या वर्षांत दोन-तीन, आणि त्यातला एक वाऱ्याने पडला असा नेमबाजांच्या क्लबमध्ये प्रवाद होता. खरं म्हणजे देवाने त्याला या खेळासाठी खास देह दिला होता. उभ्याने नेम धरताना कोपर कुठे टेकवायचं हा सगळ्यांचा प्रश्न. एवोदिओचं पोट असं होतं की कोपर त्यावर आयतं बसे. "देवाने फळी दिली," तो पोटावर थाप मारून म्हणे, "पण फळीवर ठेवायला काही दिलं नाही."

क्लबची एक रीत होती. जो एका दमात पाचही मेंढे पाडेल त्याला चांदीच्या छोट्या मेंढ्याची पिन मिळे. ती टोपीला लावायची. जनावरांचा डॉक्टर फाउस्तो एन्सिनास याच्या टोपीवर अशा इतक्या पिना होत्या की एवोदिओ तिला टोपी न म्हणता कळप म्हणायचा. त्याच्या स्वतःच्या टोपीवर घामाचा डाग होता.

अशात त्याच्या बायकोचं, ओतिलियाचं, हृदय बिघडलं. रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या नळापर्यंत जाऊन येताना ती भिंतीला धरून उभी राहू लागली. एर्मोसिओ शहरातल्या मोठ्या इस्पितळात ऑपरेशन ठरलं. डॉक्टरने एवोदिओला बाजूला घेऊन काही सांगितलं. एवोदिओ खाटेपाशी परत आला आणि म्हणाला, "सगळं ठीक आहे म्हातारे, डॉक्टर अगदी खूश आहे." मग व्हरांड्यात जाऊन खिशातलं कांदेलारिया मातेचं चित्र दोन्ही हातांत धरून तो उभा राहिला.

त्यांच्या गावच्या चर्चमध्ये मातेच्या झग्याला लोक पत्र्याची चिमुकली हृदयं, पाय, डोळे टाचतात. ज्याचं जे बरं झालं ते. एवोदिओला पत्र्याचं हृदय सहज मिळालं असतं. चर्चबाहेरची बाई टोपलीत घेऊन बसते. पण त्याच्या तोंडून निघालं ते असं: "माते, हिला माझ्याकडे परत दे. मी पाच मेंढे पाडीन आणि ती पिन तुझ्या झग्याला लावीन."

ओतिलिया बरी झाली.

आता आली का पंचाईत. मातेने आपलं काम केलं होतं, आणि तेही अवघड. राहिलं होतं एवोदिओचं, आणि त्याच्या मते ते त्याहून अवघड होतं.

एवोदिओ या नवसाच्या गोष्टी दुकानात बसून हसत हसत सांगे, पण मनात त्याच्या धाकधूक होती. त्याची आई सांगायची, नवस फेडला नाही तर दिलेलं परत जातं. ओतिलिया जिन्यावर जरा थांबली, किंवा तिला नुसती उचकी लागली, तरी तो हातातलं टाकून धावे. फाउस्तोने आपली एक पिन देऊ केली.

"घे रे जाड्या. माझ्याकडे पुष्कळ आहेत. मातेला काय कळणार?"

"देवाच्या आईला उष्टी पिन?" एवोदिओ म्हणाला. "आणि तिला कळणार नाही म्हणतोस? गुरांची इंजेक्शनं देऊन देऊन तुझी श्रद्धा गुरांएवढी झालीय."

चर्चचे पाद्रे आन्सेल्मो हे शांत, कोरड्या विनोदाचे म्हातारे गृहस्थ. त्यांनी त्याला बोलावून घेतलं. "बाळा, नवस बदलून देण्याचा अधिकार पाद्रीला असतो. आई आहे ती, दुकानदार नाही. तू असं कर, वर्षभर दर शनिवारी चर्चचं अंगण झाड. फिटला नवस. फक्त एक, कुणाला सांगायचं नाही."

"कुणालाच नाही?"

"कुणालाच नाही."

एवोदिओने जरा विचार केला. "पाद्रे, माझी कंबर दुखते."

"मला वाटलंच," पाद्रे म्हणाले.

काळजीने एवोदिओ वाळू लागला. ज्याला हयातभर कुणी जेवताना थांबवू शकलं नव्हतं, तो अर्ध्या पोळीवर उठू लागला. पोट उतरलं. आणि पोट उतरलं तशी कोपर टेकवायची फळीही गेली. आता रायफल हातात वाऱ्यावरच्या वेताच्या फांदीसारखी हले. पूर्वी मेंढे चुकत होते, आता डुकरंही चुकू लागली. "नवस फेडण्यासाठी जाड व्हायला हवं," तो म्हणाला, "आणि नवसाच्या काळजीने मी बारीक होतोय. असा नवस बोलायला पण डोकं लागतं बरं का."

मातेच्या जत्रेनंतरच्या रविवारी क्लबची मोठी स्पर्धा असे. शेजारच्या गावचे नेमबाज ट्रक भरून येत. त्या वर्षी फेब्रुवारीचं ऊन छान पडलं होतं. ओतिलिया आजारपणानंतर पहिल्यांदाच आली होती. फाउस्तोच्या गाडीतून आली आणि निखाऱ्यांजवळच्या खुर्चीवर तिला बसवून दिलं. इस्पितळातल्या डॉक्टरने रोज चाला, असं बजावलं होतं, पण घर आणि चर्च यापलीकडे तिचं पाऊल जात नव्हतं. एवोदिओच जाऊ देत नव्हता म्हणा.

प्रत्येक नेमबाजाशेजारी दुर्बीण घेऊन एक माणूस उभा असतो. गोळी कुठे गेली, धूळ कुठे उडाली, हे त्याने सांगायचं. एवोदिओचा हा माणूस म्हणजे लिबोरिओ येस्कास, रेल्वेतून निवृत्त झालेला तारवाला. तो एवोदिओच्या मुलीचा धर्मपिता. त्या नात्याने दोघे एकमेकांना कोंपाद्रे म्हणत. लिबोरिओच्या डोक्यावर आणखी एक काम होतं. एवोदिओ डावखुरा. डावखुरा माणूस बंदूक घेऊन उलट्या बाजूला तोंड करून उभा राहतो, त्याची नजर आधी उजव्या टोकाला जाते. म्हणून प्रत्येक वेळी पहिल्या गोळीआधी लिबोरिओ म्हणे, "मनोऱ्याकडून, कोंपाद्रे." चर्चचा मनोरा डावीकडे दिसे. एवोदिओ म्हणे, "ठाऊक आहे रे." ठाऊक कधीच नसे.

त्या दिवशी कोंबड्या झाल्या, डुकरं झाली, टर्की झाल्या. एवोदिओची कामगिरी नेहमीसारखी. मेंढ्यांची पाळी आली आणि गुण लिहिणारा माणूस पोट धरून झुडपांमागे पळाला. लिबोरिओला टेबलावर बसवलं.

"मग माझी दुर्बीण कोण बघणार?" एवोदिओ म्हणाला.

"मी बघते," ओतिलिया खुर्चीतून उठत म्हणाली.

"तू बस. धाप लागेल."

"दुर्बिणीतून बघायला धाप लागते होय? सगळी हयात तुझ्या गोळ्या बघत काढली. ऐक आता."

शिट्टी वाजली. एवोदिओने रायफल उचलली. रायफलीवरच्या दुर्बिणीच्या काचेत मेंढा थरथरत होता. मेंढा लोखंडाचा, म्हणजे थरथरत होता तो कोण हे उघड होतं. त्याने मनात मातेचं नाव घेतलं, अर्धा श्वास सोडला, आणि मेंढ्याचा खांदा काचेच्या मध्यावरून सरकत जात असतानाच घोडा ओढला.

मेंढा मागच्या मागे आडवा झाला. मग, जरा वेळाने, त्याचा आवाज आला. चर्चची लहान घंटा वाजावी तसा.

ओतिलियाने दुर्बिणीवरून डोळा काढला, पुन्हा लावला. मग म्हणाली, "पडला. पुढचा."

पुढचा पडला. "पडला. पुढचा." तिचा आवाज जपमाळ ओढताना येतो तसा सपाट होता. तिसरा पडला. मांस भाजणाऱ्या बायकांनी चिमटे खाली ठेवले. चौथा पडला. एवोदिओच्या हाताला आता कळत नव्हतं की तो एवोदिओचा हात आहे, नाहीतर त्याने असं काही केलंच नसतं. पाचव्या मेंढ्याला गोळी खूप वर लागली. मेंढा डुलला. पुढे झुकला, मागे झुकला, जसा एखादा पिऊन आलेला माणूस आपल्याच दाराशी थांबून आत जावं की नको ठरवतो. मग पडला.

काय ओरडले लोक! शेजारच्या गावच्यांनीसुद्धा टोप्या उडवल्या. नवस सगळ्यांना ठाऊक होता. एवोदिओनेच सांगितलेला. फाउस्तोने त्याला उचलायचा प्रयत्न केला, आणि आता ते जमण्यासारखंही होतं. एवोदिओ हसत होता, रडत होता, आणि ओतिलिया दुर्बिणीपाशीच उभी होती.

"अगं, काहीतरी बोल! पाच! पाच मेंढे!"

"म्हाताऱ्या," ती हळूच म्हणाली, "तू उजवीकडून सुरुवात केलीस."

एवोदिओने टेकडीकडे बघितलं. मग मनोऱ्याकडे बघितलं. मग आपल्या हाताकडे. गोंगाट थांबला. टेबलावर लिबोरिओने घसा खाकरला.

"मी पाच लिहिलेत, कोंपाद्रे."

"कोंपाद्रे, खोड ते."

"का खोडू? मला नीट दिसत नाही. मला पाच पडलेले दिसले."

"मी तर मांस चावत होतो," फाउस्तो म्हणाला. "चावताना मी डोळे मिटतो."

शेजारच्या गावचा कप्तान, मोठ्या मिशांचा माणूस, पुढे आला. "आमची काही तक्रार नाही. पडले ते पडले. पिन द्या या माणसाला."

पिन आलीही. लिबोरिओच्या तळहातावर तो चांदीचा मेंढा उन्हात चमकत होता. पिन एवढी लहान असते हे एवोदिओला आजवर माहीत नव्हतं. इतक्या जवळून त्याने ती कधी बघितलीच नव्हती. घेतली असती तर कुणी काही म्हटलं नसतं. संध्याकाळी चर्चमध्ये जाऊन टाचली असती, आणि ओतिलियाचा जिन्यावरचा प्रत्येक थांबा आता नुसता थांबा झाला असता.

"हिशेब करू या," तो म्हणाला. "पहिल्या गोळीला पहिला पडायला हवा होता. मी पाडला पाचवा. गेला. दुसरीला दुसरा हवा, पाडला चौथा. तोही गेला. तिसरीला तिसरा. हा बरोबर! मग चौथीला चौथा हवा होता, तर तो केव्हाचा झोपलेला. पाचवाही तसाच. म्हणजे पाच मेंढे पाडून एक गुण. सज्जनहो, मेंढे उभे ठेवून शून्य मिळवणारे पुष्कळ असतील, पण सगळे पाडून नापास होणारा सबंध मेक्सिकोत मी एकटाच असणार."

कुणी हसलं नाही. तेव्हा त्याने आवाज खाली आणला.

"खोटी पिन लावली, आणि उद्या हिला पुन्हा काही झालं, तर मी कोणत्या तोंडाने मागू? एक लिही, कोंपाद्रे."

लिबोरिओने पाच खोडून एक लिहिला. पिन खिशात टाकली. मिशावाल्या कप्तानाने टोपी काढली ती बराच वेळ हातातच धरली.

ज्याने पाडले त्यानेच जाऊन मेंढे पुन्हा उभे करायचे असा तिथला नियम. एवोदिओ टेकडीकडे निघाला. त्याला सगळ्यांपासून दूर जायचं होतं. शेजारी पावलं वाजली तेव्हा त्याला वाटलं, फाउस्तो असेल, समजूत घालायला आला असेल. त्याने मान वर केली नाही. कोंबड्यांच्या पट्टीशी आल्यावर त्याला बाजूला ओतिलियाचे जोडे दिसले, तेव्हा त्याने विचारलं, "पहिलाच चुकीचा पडला तेव्हा का नाही सांगितलंस?"

ओतिलिया म्हणाली, "सांगितलं असतं तर तुझा हात स्थिर राहिला असता का?"

"नसता."

"मग. इस्पितळात डॉक्टरने तुला काय सांगितलं होतं? तू मला काय सांगितलंस? सगळं ठीक आहे म्हातारे. मीही तेच केलं."

"तुला कळलं होतं?"

"तुझं तोंड बघून इस्पितळातल्या मांजराला कळलं होतं."

डुकरांची पट्टी मागे पडली. एवोदिओ म्हणाला, "माझं चुकलंच. पत्र्याचं हृदय लावतो म्हणालो असतो तर काय बिघडलं असतं? पण नाही. तू पण हवी होतीस आणि पिन पण हवी होती. दोन्ही हातांत लाडू. मातेच्या नावाने मी माझीच टोपी सजवायला निघालो होतो."

"ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

"म्हणून मातेने आज उजवीकडून सुरुवात करायला लावली."

"मातेला त्यात ओढू नकोस. डावखुरा तू आहेस."

टर्कींच्या पट्टीपाशी तो म्हणाला, "पाद्रेंचं ऐकतो मी. शनिवारी अंगण झाडतो."

"कुणाला न सांगता?"

"तुला सांगितलं ना आत्ता."

"झालं. सुरुवात झाली."

"पण म्हातारे, तोवर..." त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. "आई म्हणायची, नवस अर्धा राहिला की..."

ओतिलिया थांबली. धाप लागली म्हणून नाही. कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभी राहायला थांबली. "एवोदिओ बोहोर्केस, मी काय उसनी आणलेली पातेली आहे? शेजारीण मागायला आली की परत करायची? देवाने दिलंय ते दिलंय. तुझ्या बंदुकीच्या भरवशावर त्याने मला जगवलं असतं, तर मी केव्हाच गेले असते."

आणि ती पुढे निघाली. मेंढ्यांपर्यंत चढ होता. ती चढून गेली. पहिला आडवा मेंढा तिने वाकून शिंगाकडून धरला. "चल, तू पाय धर. भारी आहे मेला." दोघांनी तो उचलून पट्टीवर टेकवला, मग दुसरा, मग तिसरा. एवोदिओ घामाने निथळला, खाली बसला. ओतिलियाचे गाल लाल झाले होते, केस सुटले होते, आणि हात लोखंडाच्या काळ्या रंगाने माखले होते. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. त्याने मागे वळून बघितलं. निखाऱ्यांचा धूर, टेबल, खुर्ची, माणसं, सगळं पार लांब होतं, कोंबडीएवढं.

"तू चालत आलीस," तो म्हणाला.

"मग काय, फाउस्तोची गाडी आली इथवर?" ती म्हणाली. "ऊठ. आणखी दोन आहेत."

खालून लिबोरिओ शिट्टीवर शिट्टी फुंकत होता. पुढचे नेमबाज खोळंबले होते. एवोदिओने हात हलवून थांबायला सांगितलं. पाचवा मेंढा उभा झाला तरी ते लगेच निघाले नाहीत. इतक्या वरून गाव कसं दिसतं ते ओतिलियाने कधी पाहिलं नव्हतं, आणि तिला ते आधी नीट बघायचं होतं.